ऑनर मॅनियनचा दगड

आमच्या किलवारा गावच्या चर्चमध्ये डावीकडचा शेवटचा बाक आमचा. दाराला लागून. हिवाळ्यात समुद्रावरचं वारं फटीतून आत शिरतं ते आधी आमच्या मानेवर बसतं, मग उरलं तर पुढच्यांच्या वाट्याला जातं. तिथंच बसा असं आम्हाला कुणी बजावलं नव्हतं. पण सत्तर वर्षांत आमच्या घरचं माणूस त्या बाकाच्या पुढे सरकलं नव्हतं, आणि का सरकलं नव्हतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आम्ही दगडवाल्या.

माझी आजी, आईची आई, ऑनर मॅनियन, हिनं फादर मॅलकी ग्लिनना दगड मारला होता. फादर ग्लिन म्हणजे आमचे संत. रोमनं अजून तसा शिक्का मारलेला नाही, पण रोमवाले काय टायफसच्या साथीत इथं राहायला आले होते? ज्या घरात सख्खा भाऊ पाऊल टाकत नव्हता तिथं हा माणूस गेला, मेलेल्यांना आपल्या हातांनी पुरलं, आणि वर्षभरात त्याच तापानं स्वतः गेला. अशा माणसाला दगड! गाव सांगायचं ते असं: फादर मरणाऱ्या फेस्टी फाहर्टीकडे निघाले होते, छातीशी चांदीची डबी, डबीत मरणाऱ्याला द्यायची पवित्र भाकर. ऑनरनं वाटेत दगड भिरकावला, देवानं तो हवेतच वळवला, आणि फादरच्या केसालाही धक्का लागला नाही.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. डबी छातीशी असली की आमच्याकडे पाद्री कुणाशी बोलत नाही. रामराम घेत नाही, मान हलवत नाही. रस्त्यावरचा माणूसही त्याला हाक मारत नाही. सायकलवाला उतरतो, पुरुष टोप्या काढतात, सगळे वाट सोडून गुडघे टेकतात, आणि तो वळणाआड होईपर्यंत कुणी चकार शब्द काढत नाही. रस्त्यावर अशी शांतता आमच्याकडे दुसऱ्या कुणासाठी होत नाही, मग लाटसाहेब का जाईना.

तर १९५४ च्या सप्टेंबरात डब्लिनहून सिनेमावाले आले. फादर ग्लिनवर सिनेमा काढायचा होता. आमचे तेव्हाचे धर्मगुरू फादर कॉनकॅनन यांचीच ती कल्पना. सिनेमा निघाला की रोममधल्या कागदांना जरा वेग येईल असं त्यांना वाटत होतं. दिग्दर्शक होते ॲम्ब्रोज पेल नावाचे एक गृहस्थ, उंच, चष्मेवाले, गळ्यात कायम मफलर. मी तेव्हा चौतीस वर्षांची, बिनलग्नाची, गावच्या पोस्टाची मास्तरीण. गावात काय शिजतंय ते पोस्टात आधी कळतं, आणि ते कळवायला पेग फाहर्टी हजर असायचीच. त्या फेस्टी फाहर्टीची ही नात. पहिला बाक त्यांचा.

"सबीना, ऐकलंस का?" पेग काउंटरवर कोपरं टेकून म्हणाली. "तुझी आजी सिनेमात येणार. डब्लिनची नटी आणलीय तिच्यासाठी. दगड मारल्याबरोबर हात लुळा पडतो म्हणे तिचा. नटी हॉटेलात लुळा हात शिकतेय. दोनदा चहा सांडला बिचारीनं."

"लुळा? हे कुठून काढलं?"

"फादरनी घातलंय. शिक्षा नको का व्हायला? नाहीतर लोकांना बोध काय होणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आणि तुझ्या आजोबांसाठी कोण आणलाय गं? मरता मरता बरं व्हायचं आणि पुढं तीस वर्षं शेजाऱ्यांची कुंपणं सरकवत बसायचं, एवढं जमेल का त्याला?"

पेग तिकिटं न घेताच गेली. पण गावातल्या गावात दगडवाली म्हणवून घेणं वेगळं. आता बोस्टनमधले, लंडनमधले आमचे लोक पडद्यावर बघणार, आजीचा हात लोंबतोय आणि ती चिखलात लोळतेय. आई पंचाहत्तर वर्षांची. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. आजीचा विषय निघाला की ती चुलीत फुंकर घालायला उठायची, आजवर तिच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, लाज वाटते तिला. खरं सांगायचं तर मलाही वाटायची.

शूटिंग सुरू झालं ते त्याच रस्त्यावर. गावातली चाळीस माणसं जुने कपडे घालून दोन्ही बाजूंना उभी केली. मीही होते, शाल डोक्यावरून घेऊन. फादर ग्लिनचं काम करणारा नट लॉर्कन टाय नावाचा, चाळिशीचा, रंगभूमीवर नाव कमावलेला. तो डबी घेऊन येणार, आम्ही "फादर, आशीर्वाद द्या" म्हणून गलका करायचा, आणि तो हसून दोन्ही बाजूंना आशीर्वाद देत जाणार, असं पेलसाहेबांनी भोंग्यातून सांगितलं.

टाय आला. डबी छातीशी. आणि चाळीस माणसं धाडदिशी गुडघ्यावर. टोप्या खाली. चिडीचूप.

"थांबा! थांबा!" पेलसाहेब धावत आले. "ओरडायचंय! आनंद झालाय तुम्हाला!"

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी फादर कॉनकॅननना मध्ये घातलं. फादर म्हणाले, "लोकहो, डबी रिकामी आहे. पितळेची आहे. हा गृहस्थ नट आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या, अगदी पटलं. मग टाय वळणावरून आला आणि सगळे परत गुडघ्यावर. माझेही गुडघे कधी टेकले मला कळलं नाही. वर पाहिलं तर कॅमेऱ्यामागे फादर कॉनकॅनन स्वतः टोपी काढून उभे. पेलसाहेबांनी मफलर काढून जमिनीवर आपटला आणि त्या दिवसाचं काम संपलं.

संध्याकाळी पोस्ट बंद करायच्या वेळेला टाय आला. तारेचा कागद पुढे सरकवला. बायकोला तार होती: 'भूमिका प्लास्टरच्या पुतळ्याची. काम सोडतोय. शनिवारी घरी.'

मी कागदाकडे पाहत राहिले.

"चूक आहे काही?" त्यानं विचारलं.

"टपालखात्याची शपथ घेतलीय मी. तुमच्या तारेवर मला मत नाही."

"आणि शपथ नसती तर?"

"तर म्हटलं असतं, मिस्टर टाय, आमच्या संताला प्लास्टर म्हणायची तुमची काय बिशाद!"

तो हसला, पण दमलेला होता. स्टुलावर बसला. "मिस कीन, तुमच्या संताला नाही, माझ्या कागदावरच्या माणसाला म्हणतोय. आज ती माणसं माझ्यापुढे खाली बसली तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती किती मोठं काहीतरी करत होती, आणि मी काय करत होतो? डोळे वर आणि गालातल्या गालात हसू. हा माणूस कशाला भीत नाही, चिडत नाही, चुकत नाही, दगड मारला तर दगडच वळतो. त्याला काही सोसावंच लागत नाही. मग मी खेळू काय? आणि लोकांनी दोन तास बघायचं काय, माझा झगा?"

"पण मुळात तो आशीर्वाद देईलच कसा?" मी म्हटलं. "डबी असताना त्याला बोलता येत नाही. हात हलवता येत नाही. आजी समोर ओरडत असणार, आणि त्याला तोंड उघडायची मुभा नाही."

टायनं अगदी हळू विचारलं, "काय ओरडत होती?"

चौतीस वर्षं मी त्या दगडाचे टोमणे ऐकले होते, पण ती काय ओरडली हे कुणी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. खरंच, का मारला तिनं?

"तार ठेवा खिशात," मी म्हटलं, "आणि चला माझ्याबरोबर चहाला."

आई चुलीशी बसली होती. टायनं टोपी काढून "मिसेस कीन" म्हणून अदबीनं मान लववली, सोडा घालून भाजलेल्या पावावर लोणी लावून दोन तुकडे खाल्ले, आणि मी डोळे वटारायच्या आत बोलून गेला, "त्या बाईचा हात पुढे कधी बरा झाला का हो?"

"कुणाचा हात?"

"ऑनरचा. दगड मारल्यावर जो लुळा पडला."

आईनं किटली खाली ठेवली. "लुळा? माझ्या आईचा हात लुळा? त्या हातानं तिनं बापाविना तीन पोरं वाढवली. त्या हातानं दलदलीतली जळणाची माती कापली, पाठीवरून वाहिली. कोण म्हणतं लुळा?" मग माझ्याकडे वळली. "सबीना, फादरना बोलावून आण. आणि त्या सिनेमावाल्यालाही. मी एकदाच सांगणार आहे."

मी सायकल काढली. अर्ध्या तासात फादर कॉनकॅनन आणि पेलसाहेब आमच्या स्वयंपाकघरात, गुडघ्यांवर कपबशा घेऊन बसलेले. आईनं कुणाकडे पाहिलं नाही. चुलीकडे बघत बोलली.

"मी पाच वर्षांची. बाबांना ताप. आमच्या दारात कुणी फिरकत नव्हतं, मग निरोप न्यायला तरी कोण? शेवटी आई स्वतः रस्त्यावर गेली. मी तिच्या शालीला धरून. तेवढ्यात फादर ग्लिन आले, फाहर्टीकडे चाललेले. आईनं गुडघे टेकले नाहीत. म्हणाली, 'फादर, आमचे बार्टली जातायत, आधी इकडे या.' ते चालत राहिले. डबीत भाकर एकच, आणि ती फाहर्टीच्या नावानं निघालेली. आईला का ते माहीत नव्हतं? माहीत होतं. तरी ती पळत पुढे गेली आणि वाट अडवून उभी राहिली. 'एक शब्द बोला! येतो म्हणा, नाहीतर येत नाही म्हणा!' ते तिला वळसा घालायला लागले. मग तिनं भिंतीवरचा दगड उचलला."

"आणि तो वळला," फादर कॉनकॅनन म्हणाले.

"कशाला वळतोय! माझी आई बटाट्याच्या शेतातले कावळे दगडानं उडवायची, फादर. तिचा दगड कधी वळला नाही. इथं बसला." आईनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "चर्चमधल्या फोटोत खूण आहे बघा. घोड्यावरून पडले म्हणतात. फादर ग्लिनना घोडा कधी परवडला? रक्त डोळ्यात उतरलं. त्यांनी पुसलंसुद्धा नाही, दोन्ही हात डबीवर. पण आईकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. ओठ हलले त्यांचे, पण शब्द नाही काढला. गेले."

पेलसाहेबांचा चहा निवून गेला होता.

"फाहर्टीकडून ते चर्चला गेले, दुसरी भाकर घेतली आणि आमच्याकडे आले. सगळे मिळून सात मैल, पायी. दिवस कलला होता. बाबा तोवर गेले होते. आई उंबऱ्यावर बसलेली. फादर फाटकाशी येऊन उभे राहिले. रक्त वाळून काळं झालेलं. हात डबीवर. आणि डबी भरलेली होती, फादर. भरलेली." आई थांबली. "आणि ते बोलले."

फादर कॉनकॅनननी कप खाली ठेवला. "भरली डबी छातीशी असताना?"

"हो. म्हणाले, 'ऑनर, मी आलो.' आई म्हणाली, 'उशिरा.' ते म्हणाले, 'हो.' बस, एवढंच. सबब नाही, देवाची मर्जी नाही, काही नाही. आईनं पाण्याचं भांडं भरून भिंतीवर ठेवलं. त्यांनी तोंड धुतलं. तिनं धुवून दिलं नाही. का द्यावं? मग त्यांनी डबी आतल्या फळीवर ठेवली आणि कुदळ मागितली. बाबांची कबर त्यांनी खणली. एकट्यांनी."

"आई," मी म्हटलं, "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती. म्हणाली, 'ते माझ्यासाठी बोलले हे बाहेर कळलं तर लोक त्यांना नावं ठेवतील. उद्या ते तापानं जातील, आणि गावाला त्यांची आठवण लागेल. मला दगडवाली म्हटलं तर माझं काय झिजतं?'" आईनं पहिल्यांदाच डोळे पुसले. "आज मी शपथ मोडली. पण तिचा हात लुळा पडला म्हणायचं? ते नाही मी ऐकून घेणार."

मला रडू फुटलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. आम्ही मागच्या बाकावर तोंड लपवून बसत होतो, आणि ज्या संताचा गावाला एवढा गर्व, त्याचं नाव सत्तर वर्षं आमच्याच घरानं राखलं होतं. मला वाटलं, आत्ता जावं आणि पेग फाहर्टीचं दार ठोठावावं.

फादर कॉनकॅनन चुलीकडे बघत होते. रोममधले कागद त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. पेलसाहेब चाचरत म्हणाले, "फादर, परवानगी नसेल तर आपण..."

"मिस्टर पेल, ती डबी मी तीस वर्षं वाहतोय," फादर म्हणाले. "रस्त्यात लोक रडतात, आणि मी गप्प जातो. मला वाटायचं, गप्प राहणं हीच माझी परीक्षा. पण खरं सांगू, गप्प राहणं मला कधी जड गेलंच नाही. त्या माणसाला गेलं." मग नाक शिंकरून उठले. "दाखवा. सगळं दाखवा. रक्त तेवढं बेताचं दाखवा, मुलं असतात."

दारात टायनं खिशातली तार काढून आमच्या चुलीत टाकली.

आता प्रश्न उरला नटीचा. चांगली बाई होती, पण दगड फेकायची तो चेंडू झेलायला दिल्यासारखा. दोन दिवस पेलसाहेबांनी डोकं धरलं. तिसऱ्या दिवशी शूटिंग बघायला भिंतीवर येऊन बसलेली आई म्हणाली, "हिला सुट्टी द्या. सबीना करील. खांदा आईचाच आहे तिचा."

मी म्हटलं, "वेड लागलं का आई तुला? मी पोस्टातली बाई!"

"कावळे कोण उडवतं आपल्या शेतातले?" आईनं विचारलं.

मला आजीसारखी शाल दिली, अनवाणी उभं केलं. दगड बुचाच्या लाकडाचा, वरून रंगवलेला. सगळं गाव भिंतीपाशी गोळा झालेलं, पेगसुद्धा. टाय वळणावरून आला. आज डोळे वर नव्हते, हसू नव्हतं. नुसता एक दमलेला माणूस, ज्याला दोन ठिकाणी पोचायचंय आणि पाय दोनच आहेत. मी धावत पुढे गेले, वाट अडवली, "एक शब्द बोला!" म्हणून ओरडले, दगड उचलला, हात वर नेला.

आणि मी गुडघ्यावर बसले.

हसू नका. डबी पितळेची आहे, रिकामी आहे, मी स्वतः सकाळी उघडून पाहिली होती. तरी माझा हात खाली आला आणि गुडघे वाकले. पुन्हा केलं, पुन्हा तेच झालं. तिसऱ्या खेपेला तर मी घामानं निथळत होते. टायनं जवळ येऊन डबीचं झाकण उघडून दाखवलं. मी म्हटलं, "ठाऊक आहे हो मला, पण होत नाही." पेलसाहेबांचा हात मफलरकडे गेला.

त्या रस्त्यावर, त्या चिखलात बसून मला पहिल्यांदा कळलं आजीनं काय केलं होतं. मला रिकाम्या डबीवर लाकडाचा तुकडा टाकवत नव्हता. तिच्यापुढे भरलेली डबी होती. माझ्यासारखेच गुडघे तिलाही होते, लहानपणापासून त्याच रस्त्यावर टेकलेले. ते तिनं सरळ ठेवले. देवाला ती मानत नव्हती म्हणून नव्हे. दारामागे बार्टली श्वास मोजत होता म्हणून. अशी बाई माझी आजी, आणि मी तिची लाज बाळगत होते!

"सबीना," भिंतीवरून आई म्हणाली. आवाज तिचा नव्हता, पाच वर्षांच्या पोरीचा होता. "ऊठ. बाबा आत आहेत. अजून गेले नाहीत. ऊठ ना."

मी उठले. काय ओरडले ते मला आठवत नाही. दगड सुटला तो टायच्या डाव्या भुवईवर नेमका बसला, बुचाचा असूनही टेंगूळ आलं त्याला. तो थांबला. माझ्याकडे बघितलं. त्याच्या ओठांशी शब्द आला, अगदी दातांशी आला, आणि त्यानं तो गिळला. मग मला वळसा घालून चालायला लागला. कॅमेरा बंद झाला तरी तो चालतच होता, आणि भिंतीपाशी कुणी हललं नाही. पेलसाहेब चष्मा पुसत होते.

सिनेमा पुढच्या मार्चमध्ये आला. पहिला खेळ आमच्याच चर्चच्या सभागृहात ठेवला होता, रविवारी दुपारी. पेलसाहेब आणि टाय मोटारीनं आले. आईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची राखून ठेवली होती. ती गेली नाही. शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली. "इथं सवय आहे," म्हणाली.

सिनेमा कसा होता ते मी सांगणारी कोण! माझंच थोबाड एवढं मोठं बघून मी अर्धा वेळ डोळे झाकले होते. पण दगड लागला तेव्हा अख्ख्या सभागृहातून एकच "आई गं!" निघालं. आणि फाटकापाशी रक्ताळलेला माणूस "ऑनर, मी आलो" म्हणाला तेव्हा माझ्यापुढे बसलेला धिप्पाड लोहार तोंडावर टोपी धरून रडत होता. "उशिरा," मी पडद्यावरून म्हटलं. "हो," टाय म्हणाला. त्या एका "हो" नंतर आमच्या गावात कुणाला फादर ग्लिन संत आहेत की नाहीत याचा कागद हवासा वाटला नाही.

मग दिवे लागायच्या आधी नावं आली. फादर ग्लिन: लॉर्कन टाय. त्याखाली बरीच नावं, आणि सगळ्यात शेवटी: दगड मारणारी बाई: सबीना कीन.

शेजारी आई उभी राहिली. अंधारातच. काठी जमिनीवर आपटली तिनं.

"तिला नाव आहे!" सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. "ऑनर मॅनियन. ती माझी आई."

दिवे लागले. सगळ्यांची तोंडं मागे वळलेली. पेलसाहेब खाली मान घालून उभे. मला वाटलं, आता कुणीतरी टाळी वाजवील, कुणीतरी काहीतरी बोलेल, पेगच्या तर जिभेला हाड नाही. मी आईचा हात धरला आणि आम्ही दाराकडे निघालो.

दारापर्यंतच्या वाटेत लोक उभे होते. ते बाजूला झाले. लोहारानं टोपी काढली. मग त्याच्या पलीकडच्यानं, मग सगळ्यांनी. बाहेर आलो तर अंगणात, रस्त्यावर, दोन्ही बाजूंना माणसं, उघड्या डोक्यांची. कुणी हाक मारली नाही. कुणी हात पुढे केला नाही. पेग फाहर्टीही भिंतीला पाठ लावून उभी होती, तोंड घट्ट मिटून, डोळे भरलेले.

आमच्याकडे अशी शांतता कुणासाठी होते ते मी सांगितलंच आहे. आईलाही ते कळलं. तिनं कुणाला नमस्कार केला नाही, मान हलवली नाही. काठी माझ्याकडे दिली, दोन्ही हात छातीशी धरले आणि ताठ मानेनं वळणापर्यंत चालत गेली.